ऋषीची भाजी कोणत्या मातीतली?

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. कल्याणच्या बाजारापासून मोहन्याच्या नाक्यापर्यंत त्या दिवशी भाजीवाल्या मावशींच्या टोपल्यांत एकच मिश्रण दिसते. अळूची पाने आणि देठ, लाल माठ, भेंडी, शिराळी, पडवळ, लाल भोपळ्याची फोड, सुरणाचा तुकडा, मक्याचे कणीस. सगळ्याचा मिळून एक वाटा. एरवी ज्या भाज्या वेगवेगळ्या शिजतात, त्या या दिवशी एकाच पातेल्यात जातात आणि तिखट-मसाल्याच्या भानगडीत न पडता ऋषीची भाजी तयार होते.

या भाजीची अट मोठी अर्थपूर्ण आहे. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही. म्हणजे नांगरटीच्या शेतातले नाही, तर घराच्या मागे, न्हाणीच्या पाण्यावर, माणसाच्या हाताने खणून वाढवलेले खायचे. आजच्या शब्दांत सांगायचे तर हा परसबागेचा दिवस. व्रतामागची श्रद्धा ज्याची त्याची. पण भाद्रपदात कोकणपट्टीतल्या परसात नेमके काय तयार असते, याची इतकी अचूक यादी दुसरीकडे सापडणार नाही.

प्रश्न एवढाच की आता ती भाजी येते कुठून? परस गेले, न्हाणीचे पाणी गटारात गेले आणि अळू मात्र अजूनही पाणथळ जागीच वाढतो. शहरात पाणथळ जागा म्हणजे बहुतेक वेळा नाल्याचा काठ. म्हणूनच मोहने, आंबिवली, शहाड, टिटवाळा या पट्ट्यात ज्यांच्याकडे थोडे अंगण, गच्चीचा कोपरा किंवा गॅलरी आहे, अशी कुटुंबे पुन्हा घरची भाजी लावू लागली की ते चांगलेच. पण घरची म्हणजे आपोआप शुद्ध, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. घरच्या भाजीचे आरोग्य दोन गोष्टींवर ठरते. ती हंगामात लावली का आणि तिच्या मुळाशी कोणती माती व कोणते पाणी आहे.

गरज किती, घरचे किती

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात दोन हजार किलोकॅलरीच्या आहारासाठी रोज ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत आणि त्यात सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी असावी असे म्हटले आहे. चार माणसांच्या घराला हा हिशेब लावला तर दिवसाला दीड किलोहून अधिक भाजी लागते. दोन खिडक्यांच्या जाळीत ती पिकणार नाही. गॅलरीतली बाग घराची मंडई होऊ शकत नाही.

मात्र जी गोष्ट सर्वांत कमी खाल्ली जाते आणि सर्वांत लवकर कोमेजते, ती पालेभाजी गॅलरीत सहज येते. तोडल्यापासून पालेभाजीतले क जीवनसत्त्व घटत जाते आणि उन्हात, उघड्यावर ठेवलेल्या जुडीत ते आणखी वेगाने घटते. घरी कुंडीतून खुडलेला माठ दहा मिनिटांत कढईत पडतो.

याचे महत्त्व आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाला कारणे अनेक असतात आणि चार कुंड्यांनी तो बरा होत नाही. त्यासाठी तपासणी आणि गोळ्या लागतातच. तरी रोजच्या ताटात लोह आणि फोलेट देणारी ताजी पालेभाजी येणे हा त्या उपचाराचा आधार आहे. केंद्र सरकारच्या पोषण अभियानात अंगणवाड्यांच्या आवारात पोषण वाटिका तयार करण्यावर भर दिला जातो, त्यामागे हाच विचार आहे.

मोहन्याची माती

मोहने उल्हास नदीच्या काठी आहे. पलीकडे टिटवाळ्याकडून काळू नदी येते. या दोन नद्यांच्या पाण्यावर इथली शेती वाढली आणि पुढे उद्योगही वाढले. मोहन्याची ओळख बनलेला एनआरसीचा रेयॉन कारखाना २००९ पासून बंद आहे. कर्जत-बदलापूरकडून वाहत येणारी उल्हास वाटेत गावांचे, शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी घेत येते. मोहन्याच्या बंधाऱ्याजवळ नदीवर पसरणारी जलपर्णी हे त्याचे डोळ्यांना दिसणारे लक्षण. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर ती फोफावते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हेही इथले लोक जाणतात.

भाजी लावणाऱ्याने यातून दोन धोके वेगळे समजून घ्यावेत.

पहिला धोका जंतूंचा. मैलामिश्रित पाण्यावर वाढलेल्या भाजीवर अतिसाराचे जंतू, काविळीचे विषाणू आणि जंतांची अंडी असू शकतात. लोकलच्या खिडकीतून दिसणारे रुळांलगतचे पालक-माठाचे हिरवे पट्टे याच कारणामुळे वादात सापडत आले. मोकळ्या जागेवर अतिक्रमण होऊ नये म्हणून रेल्वेने त्या जागा आपल्या कर्मचाऱ्यांना भाजी पिकवायला दिल्या होत्या. हेतू चांगला होता, पण पाणी कुठून आणायचे याचे उत्तर अनेकदा शेजारच्या नाल्यात मिळाले.

दुसरा धोका जड धातूंचा, म्हणजे शिसे, कॅडमियम, पारा यांचा. हा जास्त चिवट. जंतू शिजवल्यावर मरतात. धातू मरत नाहीत, कुजत नाहीत आणि उकळून उडूनही जात नाहीत. कारखाना बंद पडला किंवा नाला बुजवला तरी मातीत उतरलेला धातू वर्षानुवर्षे तिथेच राहतो. शिसे बहुतांशी मातीच्या कणांबरोबर पानावर उडून बसते, त्यामुळे भाजी नीट धुतल्याने त्याचा मोठा भाग जातो. कॅडमियम मात्र मुळांतून शोषले जाऊन पानांत साठते आणि ते धुऊन निघत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे.

शिशाचा आणखी एक स्रोत घराच्या भिंतीवरच असतो. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या चाळी, कॉलन्या आणि लोखंडी ग्रिल यांवरचे जुने रंग पापुद्रे होऊन खाली पडतात आणि भिंतीलगतच्या वाफ्यात मिसळतात. घराचे रंगकाम सुरू असेल तर खालच्या कुंड्या आधी हलवाव्यात.

यावर "माती तपासून घ्या" असा सल्ला दिला जातो. तो बरोबर आहे, पण अर्धा. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. त्यात शिसे नाही, कॅडमियम नाही, पाराही नाही. ही तपासणी पिकाला काय हवे ते सांगते, खाणाऱ्याला काय बाधेल ते नाही. जड धातूंची चाचणी प्रयोगशाळेत वेगळी मागावी लागते आणि तिचा खर्चही वेगळा असतो.

मग लावायचे कसे?

सगळ्यांनी प्रयोगशाळा गाठण्याची गरज नाही. जागेचा इतिहास आधी विचारावा. तिथे पूर्वी भराव टाकला होता का, गॅरेज किंवा भंगाराचे दुकान होते का, नाल्याचे पाणी पावसाळ्यात वर येते का? एकाही प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तर जमिनीत थेट लावू नये. कुंडी, ड्रम, मासळी बाजारात मिळणारे थर्माकोलचे खोके किंवा विटांचा उंच वाफा वापरावा. रसायनांचे किंवा रंगाचे रिकामे डबे टाळावेत. बाहेरून खात्रीची लाल माती आणून ती, कोकोपीट आणि कंपोस्ट समप्रमाणात मिसळले तर मिश्रण हलकेही राहते. हे हलकेपण महत्त्वाचे, कारण एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या घरात जाते. जुन्या इमारतीच्या गच्चीवर सलग वाफे करण्याआधी बांधकाम अभियंत्याला विचारलेच पाहिजे.

जमिनीतच लावायचे असेल आणि मातीबद्दल थोडी शंका असेल, तर पिकांची निवड मदतीला येते. साधारणपणे धातू पानांत आणि मुळांत जास्त साठतात, फळांत कमी. त्यामुळे पालक, माठ, अळू, मुळा यांना कुंडीतली खात्रीची माती द्यावी आणि जमिनीत भेंडी, शिराळी, पडवळ, दुधी, वाल, शेवगा लावावा. मातीत कंपोस्ट भरपूर असेल आणि ती आम्ल नसेल तर धातू कणांना धरून राहतात आणि मुळांना कमी मिळतात. पाणी नळाचे द्यावे किंवा गच्चीवर साठवलेले पावसाचे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही चालते. साबण, डिटर्जंटचे पाणी मात्र पालेभाजीला नको.

खत घरात तयार होतेच. आधारवाडीच्या कचराभूमीचा धूर आणि वास कल्याणकरांनी वर्षानुवर्षे सोसला. त्या ढिगाऱ्यात जाणारा मोठा भाग भाजीची देठे, फळांची साले आणि चहाचा चोथा असा ओला कचराच होता. झाकणाच्या, तळाला भोके असलेल्या बादलीत ओला कचरा आणि त्याच्या जोडीला सुका पाला किंवा कोकोपीट असे थर दिले की दोन-अडीच महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत मिळते. उग्र वास आला तर पाणी जास्त झाले आहे, सुका पाला वाढवावा. सेल, बल्ब, औषधांच्या पट्ट्या या बादलीत चुकूनही जाऊ नयेत.

हंगामाचे गणित

ऋषिपंचमीची यादी उलटी मोजली की पावसाळ्याचे लागवडीचे वेळापत्रक हाती येते. लाल भोपळ्याला तीन महिन्यांहून अधिक वेळ लागतो, म्हणून त्याची बी पावसाच्या तोंडावर, मृगाच्या आगेमागे जाते. पडवळ आणि शिराळीला दोन महिने, भेंडीला दीड. माठ २५ ते ३० दिवसांत येतो, म्हणून तो श्रावणात टाकला तरी चालतो. अळूचा कंद एकदा लावला की वर्षानुवर्षे फुटत राहतो. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, तेव्हा तो गॅलरीचा उद्योग नव्हे.

पावसाळ्यात वेल भरपूर वाढतात, फुलतात, पण फळ धरत नाही, ही तक्रार नेहमीची. कारण साधे आहे. भोपळवर्गीय वेलांना नर आणि मादी फुले वेगळी येतात आणि संततधारेत मधमाश्या फिरत नाहीत. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच दिसते. लाल भोपळ्याचे नर फूल सकाळी लवकर तोडून त्याचे पराग मादी फुलाला हाताने लावले तर काम होते. दुधी, शिराळी आणि पडवळ यांची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांना तेव्हाच हात लावावा.

गणपती गेले, पाऊस ओसरला की दुसरा हंगाम. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, वांगी, मिरची. धणे रगडून दोन फाका करून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. मेथीची जुडी तीन-चार आठवड्यांत मिळते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत पेरून कोवळीच उपटली जाणारी समुद्रमेथी तर त्याहून कितीतरी आधी तयार होते. तिच्यासाठी उथळ ट्रे पुरतो. हीच कोथिंबीर एप्रिलमध्ये लावली तर पाने येण्याआधी तुऱ्यावर येते. त्यात माळ्याची चूक नसते, उष्णतेचा तो परिणाम असतो.

वालाचेही असेच. जूनमध्ये लावलेला वालपापडीचा वेल दिवाळीपर्यंत नुसता पानांनी भरतो आणि माणसे कंटाळून तो उपटून टाकतात. गावठी वाल दिवसाची लांबी मोजतो. दिवस लहान झाला, रात्र वाढली की त्याला फुले येतात. थोडा धीर धरला तर पौषात, पोपटीच्या दिवसांत, शेंगांचे घोस मिळतात.

मार्च ते मे हा कसोटीचा काळ. तेव्हा पालक रुसतो, पण माठ, चवळी, गवार, भेंडी तग धरतात. दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी, मातीवर पाल्याचे आच्छादन आणि पाणी सकाळी लवकर, एवढे केले तर माठाच्या दोन तोडण्या निघतात. फळभाज्यांना दिवसाला सुमारे सहा तास ऊन लागते. पालेभाज्यांना तीन-चार तास पुरतात. उत्तरेच्या गॅलरीत टोमॅटोचा हट्ट धरू नये.

बी कुठले?

घरच्या भाजीचा शेवटचा दुवा बियाण्याचा. सह्याद्रीच्या पलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावठी बियाण्यांची बँक उभी केली. त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचेच कितीतरी प्रकार आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचे सूत्र शहरातही लागू पडते. आपल्या हवेत टिकलेल्या वेलाची सर्वांत चांगली दोन फळे खायची नाहीत, ती बियाण्यासाठी वेलावरच पिकू द्यायची आणि वाळवलेले बी राखेत ठेवायचे.

दुकानातले बी वापरताना मात्र एक काळजी घ्यावी. गुलाबी, निळे किंवा हिरवे दिसणारे बी बुरशीनाशक लावलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये, पेरल्यावर हात धुवावेत आणि उरलेले बी स्वयंपाकघरात ठेवू नये.

पावसातली खबरदारी

कुंडीखालच्या बशीत साठलेले स्वच्छ पाणी हे डेंगीच्या डासाचे आवडते घर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्या बशा, झारी आणि बादल्या घासून कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात बशा काढूनच टाकल्या तर उत्तम.

उल्हासचा पूर इथे नवा नाही. २००५ च्या २६ जुलैने आणि २०१९ च्या जुलैने तो दाखवून दिला. ज्या वाफ्यात पुराचे पाणी शिरले, तिथली उभी पालेभाजी खाऊ नये. ती उपटून टाकावी आणि माती उन्हात वाळू द्यावी. चिखलात अनवाणी काम टाळावे, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोचे जंतू पायाच्या बारीक जखमेतून शरीरात जातात. त्यानंतरच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

ताटात येताना

पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. कच्ची खायची पाने वाहत्या पाण्याखाली एकेक करून धुवावीत. माठातले लोह शरीराला सहज मिळत नाही. शेवटी लिंबू पिळले किंवा जोडीला पेरू खाल्ला तर शोषण वाढते आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर घटते. लाल भोपळ्यातल्या केरोटीनला थोडे तेल लागते, तेव्हा फोडणीला नाही म्हणू नये.

अळू आणि सुरणाची खाज त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. चिंच घालून भरपूर शिजवण्याची जुनी रीत म्हणूनच टिकली. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी अळू-पालक कमी खावा, खाल्ल्यास उकडून पाणी टाकून द्यावे आणि मेथीला पसंती द्यावी. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

आणि दुधी, काकडी, शिराळी, पडवळ कापताच एक लहान तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर सगळेच टाकून द्यावे. तो कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हाच इशारा दिला होता. मीठ-साखर घालून कडूपणा झाकता येतो, विष जात नाही.

पुढच्या ऋषिपंचमीला सगळा वाटा घरचाच हवा, असा हट्ट नको. सुरण बाजारातून येऊ दे, मकाही येऊ दे. पण पातेल्यात पडणारा माठ आणि अळू, म्हणजे ज्यांच्या पानांत माती सर्वांत जास्त उतरते ती दोन पाने, आपल्या ओळखीच्या मातीतली आणि नळाच्या पाण्यावरची असावीत. त्यासाठी अळूचा एक कंद आणि चमचाभर माठाचे बी पुरते. मृगाच्या आधी बादलीतले खत तेवढे तयार ठेवावे.